जर्मन वाइनची ओळख: रिसलिंगपासून श्पेटबुर्गुंडरपर्यंत

ऱ्हाइनकाठ

इथे वाइनवरचे धागे बरेच आहेत. फ्रान्स-इटलीवर लिहून झालंय, नाशिकवर तर भरपूर. जर्मन वाइनचा विषय निघाला की मात्र "ती गोडमिट्ट असते ना?" इथे गाडी अडते. मी बरीच वर्षं माइन्झमध्ये राहतो. गावाबाहेर कुठल्याही दिशेला थोडं गेलं की द्राक्षमळे लागतात. या वाइनवर माझं मनापासून प्रेम आहे आणि तिच्याबद्दलचा हा गैरसमज मला खुपतो, म्हणून हा धागा काढतोय.

आधी भूगोल, कारण बाकी सगळं त्यातूनच येतं. माइन्झच्या गुटेनबर्ग चौकात फरसबंदीत एक धातूची पट्टी बसवली आहे. तो 50 वा उत्तर अक्षांश. वाइनच्या द्राक्षाला पिकायला जेवढी ऊब लागते, तिची हद्द परंपरेने इथेच कुठेतरी संपायची. नाशिक 20 अंशांवर आहे, यावरून अंदाज करा. इथे ऊन कमी, उन्हाळ्यात दिवस मात्र खूप मोठा आणि रात्री गार. घड सावकाश पिकतो, मण्यातली आंबट चव टिकून राहते आणि सुगंध साठायला वेळ मिळतो. जर्मन पांढऱ्या वाइनमधला तो लखलखीत आंबटपणा या हवेतून आलेला आहे.

देशात वाइनचे अधिकृत 13 प्रदेश आहेत, मिळून साधारण एक लाख हेक्टर. बहुतेक सगळे नैऋत्येला, ऱ्हाइन आणि तिच्या उपनद्यांच्या काठाने. ऱ्हाइनहेसन सर्वांत मोठा, त्याच्या खालोखाल फाल्झ. पूर्वेला झाले-उन्स्ट्रुट आणि सॅक्सनी असे दोन छोटे प्रदेश आहेत. लागवडीचा सुमारे दोन तृतीयांश भाग पांढऱ्या जातींचा आणि एकट्या रिसलिंग या जातीचाच जवळजवळ चौथा हिस्सा.

रिसलिंगचा सर्वांत जुना लेखी उल्लेख 1435 सालचा आहे. काट्झेनएल्नबोगनच्या सरदाराच्या रुसेल्सहाइम इथल्या हिशेबात या वेलींच्या खरेदीची नोंद सापडते. पुढे 1720 मध्ये ऱ्हाइनगाऊतल्या योहानिसबेर्गच्या टेकडीवर रिसलिंगची मोठी लागवड झाली. याच ठिकाणची एक आख्यायिका इथे सगळे सांगतात. मळा फुल्डाच्या धर्मपीठाचा, त्यामुळे तोडणीची परवानगी तिथून यायची. 1775 मध्ये परवानगी घेऊन येणाऱ्या घोडेस्वाराला उशीर झाला आणि तोवर घडांवर बुरशी चढली. तरीही भिक्षूंनी ती द्राक्षं तोडली, वाइन केली, आणि ती अप्रतिम निघाली. ही बोट्रायटिस नावाची बुरशी. ती मण्याच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, पाणी उडून जातं आणि आत साखर, आम्ल, सुगंध सगळं दाट होतं. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची श्पेटलेझे वाइन तिथून सुरू झाली असं मानतात.

रिसलिंगबद्दल मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे ती जिथे वाढते तिथली चव लपवत नाही. मोझेलच्या काठी पाटीच्या दगडाचे उभे उतार आहेत. तिथली रिसलिंग हलकी, हिरव्या सफरचंदासारखी आणि धारदार. फाल्झ अधिक उबदार, तिथली भरदार, पीचचा वास असलेली. नाहे नदीच्या खोऱ्यात दर काही किलोमीटरवर खडक बदलतो आणि वाइनही बदलते. एकाच वर्षाच्या या तीन बाटल्या शेजारी ठेवून प्यायल्या तर फरक कळायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

रिसलिंगखेरीज फ्रांकनचा सिल्व्हानर आहे. 1659 मध्ये कास्टेल गावात लावल्याची नोंद आहे. तो चपट्या पोटाच्या बोक्सबॉयटेल बाटलीत मिळतो. मातकट, शांत, जेवणाबरोबर कधीच आडवा न येणारा. एप्रिल ते जूनअखेर पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, तेव्हा घरोघरी हीच जोडी. म्युलर-थुरगाऊ 1882 मध्ये गाइझेनहाइमला तयार केलेली संकरित जात, रोजची साधी वाइन. ग्राउबुर्गुंडर आणि वाइसबुर्गुंडर, म्हणजे पिनो ग्री आणि पिनो ब्लां, सध्या जोरात आहेत आणि बाडेनमध्ये फार छान होतात.

लाल वाइनवर खाली वेगळं लिहितो, तो माझा जास्त जिव्हाळ्याचा विषय आहे.

पाटावरवंटा

लेख छान. पण दुकानात गेल्यावर माझी पंचाईत लेबलापाशी होते. गावाचं नाव, मळ्याचं नाव, श्पेटलेझे, ट्रोकन, शिवाय लांबलचक नंबर. गोड नको असेल तर नक्की काय बघायचं?

ऱ्हाइनकाठ

पाटावरवंटा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, ट्रोकनबेरेनआउसलेझे या पायऱ्या द्राक्ष तोडताना रसात किती साखर होती ते सांगतात. बाटलीत किती उरली ते सांगत नाहीत. सगळा घोटाळा इथे होतो. सगळी साखर आंबू दिली तर श्पेटलेझे कोरडीठाक होऊ शकते, मग लेबलावर "श्पेटलेझे ट्रोकन" असं येतं. आंबवण मध्येच थांबवलं तर गोडी राहते.

म्हणून गोड नको असेल तर "ट्रोकन" हा शब्द शोधा. त्याची कायदेशीर मर्यादा लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, तीही आम्ल पुरेसं असेल तरच. "हाल्बट्रोकन" म्हणजे 18 ग्रॅमपर्यंत. "फाइनहेर्ब" दिसलं तर थोडी गोडी आहे एवढंच समजा, त्याला कायद्याची व्याख्या नाही. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा वाचा. 7.5 ते 9 टक्के म्हणजे साखर पूर्ण आंबलेली नाही, वाइन गोडसर. 12 च्या पुढे असेल तर बहुधा कोरडी. मी दुकानात आधी हाच आकडा बघतो.

बाटलीच्या गळ्यावर द्राक्षांचा घोस धरलेला गरुड दिसला तर ती फाउडेपे (VDP) या संघातल्या उत्पादकाची. 1910 पासूनचा हा निवडक उत्पादकांचा संघ. त्यांच्या सर्वोत्तम मळ्यातल्या कोरड्या वाइनवर "ग्रोसेस गेवेक्स" किंवा नुसतं "गेगे" (GG) असतं. महाग असतात, पण त्या किमतीला न्याय देतात. तो लांबलचक नंबर सरकारी चाचणीचा. प्रत्येक दर्जेदार वाइन बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत तपासली जाते आणि परीक्षक ती चाखतात, मग नंबर मिळतो.

मळ्यांच्या नावांत मात्र एक सापळा आहे. 1971 च्या वाइन कायद्याने मोठमोठ्या भूभागांना एकेका मळ्यासारखी नावं घेऊ दिली. पीस्पोर्टर गोल्डट्रॉप्फशेन हा खरोखरचा नामांकित उतार आहे. पीस्पोर्टर मिशेल्सबेर्ग म्हणजे आजूबाजूच्या कितीतरी गावांची सपाट जमीनसुद्धा. लेबलावर दोन्ही सारखीच दिसतात. अशा नावांनी आणि लीबफ्राउमिल्शसारख्या स्वस्त गोड वाइनने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या देशाचं नाव खराब केलं. त्याआधी, साधारण 1900 च्या सुमारास, लंडनच्या व्यापाऱ्यांच्या याद्यांत मोझेल आणि ऱ्हाइनच्या उत्तम वाइनची किंमत बोर्दोच्या बरोबरीने, कधी जास्तच असायची. 2021 मध्ये नियम बदलले, आता वाइन कुठल्या जागेची आहे यावर भर आहे. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

निफाडकर

आमची द्राक्षबाग आहे, खायच्या द्राक्षाची जास्त, थोडी वाइनची. रसातली साखर आम्ही ब्रिक्सवर मोजतो. तिकडं काय माप आहे? आणि एवढ्या थंडीत माल पिकतो कसा? आमच्याकडं एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, जानेवारी ते मार्च तोडणी. रूटस्टॉक, म्हणजे कलमाखालचा खुंट, काय वापरतात? आमचं सगळं डॉगरिज खुंटावर.

ऱ्हाइनकाठ

निफाडकर, तुमचे प्रश्न वाचून फार बरं वाटलं, बागवाल्याशी बोलायची मजा वेगळी.

माप एक्सले अंशांत. फर्डिनांड एक्सले नावाचा फोर्त्सहाइमचा सोनार आणि यंत्रकार होता, त्याने एकोणिसाव्या शतकात रसाची घनता मोजायची ही पद्धत रूढ केली. 1 लिटर रस 1 लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. मोझेलच्या रिसलिंगला काबिनेटसाठी किमान 70 अंश लागतात, म्हणजे तुमच्या मापात 17 ब्रिक्स. श्पेटलेझेला 76, म्हणजे साडेअठराच्या आत. आउसलेझेला 83, म्हणजे 20 ब्रिक्स. ट्रोकनबेरेनआउसलेझेला 150 लागतात, ते 34 ब्रिक्सच्या वर जातं. तिथे मणी वेलीवरच सुकून मनुका झालेला असतो आणि बायका-पुरुष एकेक मणी निवडून काढतात.

तुमच्याकडे साखर भराभर चढते आणि आम्ल धरून ठेवायला धडपड करावी लागते. इथे उलटं, आम्ल हमखास असतं, साखरेची वाट बघायची. वेल हिवाळाभर झोपलेली, छाटणी एकदाच थंडीत, एप्रिलमध्ये कोंब, जूनमध्ये फुलोरा. रिसलिंगची तोडणी ऑक्टोबरमध्ये, कधी नोव्हेंबरपर्यंत जाते.

पिकतो कसा, ते मोझेलच्या उतारावर उभं राहिलं की समजतं. मित्राच्या घरच्या तोडणीला मी जातो. उतार इतका उभा की वरच्या बाजूचा पाय गुडघ्यात दुमडून, खालचा ताणून उभं राहावं लागतं. पायाखाली निळसर-करड्या पाटीच्या चपट्या कपच्या. पाऊल टाकलं की खळ्ळकन घसरतात आणि खालच्या ओळीतला माणूस वर बघतो. तारा नाहीत, प्रत्येक वेल एकेका खांबाला, दोन्ही काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. कात्रीने घड कापायचा, किडका भाग तिथेच काढायचा, बादली भरली की पाठीवरच्या पेटाऱ्यात ओतायची. दुपारी चार वाजता ऊन डोंगराआड जातं, पण हात टेकवला तर दगड अजून गरम लागतो. दिवसाची ऊब तो रात्री वेलीला परत देतो. खाली नदी, तिच्यावरून परावर्तित झालेलं ऊनही वर येतं. हे उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत म्हणूनच इथे रिसलिंग पिकते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट तर 65 अंशांपर्यंत उभा आहे, युरोपातल्या सर्वांत उभ्या मळ्यांपैकी एक. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावर चालणारी छोटी गाडी सामान वर नेते, बाकी सगळं माणसाच्या पायांवर. सपाटीपेक्षा कित्येक पट मजुरी लागते. त्यामुळे मोझेलची चांगली काबिनेट 12-15 युरोंना मिळते तेव्हा मला ती स्वस्तच वाटते.

रूटस्टॉक: मुळांना लागणारी फिलॉक्सेराची कीड आल्यापासून जवळपास सगळीकडे कलमं अमेरिकी खुंटावर आहेत. पण पाटीच्या दगडात त्या किडीला नीट वस्ती करता येत नाही. त्यामुळे मोझेलला अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या खूप जुन्या वेली आहेत.

तिसरीघंटा

आमच्याकडे कुणीतरी आणलेली जुनी रिसलिंग उघडली तर चक्क रॉकेलचा वास. खराब झालेली समजून ओतून दिली. हे नेहमी होतं का?

रसायनी

तिसरीघंटा, ती वाइन बहुधा अगदी ठणठणीत होती. रिसलिंगच्या सालीत कॅरोटिनॉइड असतात. त्यांच्यापासून तयार झालेले घटक बाटलीत हळूहळू बदलत टीडीएन नावाचा पदार्थ बनतो, त्याचा तो पेट्रोल-रॉकेलचा वास. ऊन जास्त लागलेल्या घडांत तो जास्त बनतो, म्हणून उबदार वर्षांच्या वाइनमध्ये लवकर येतो. रिसलिंगमध्ये याचं प्रमाण इतर जातींपेक्षा बरंच जास्त असतं. थोडा असेल तर मध, लिंबाच्या सालीच्या वासांबरोबर छान मिसळतो. तरुण वाइनमध्येच भसकन आला तर मलाही आवडत नाही.

चिंचगूळ

गोडी हा दोष मानायची घाई करू नका, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. आम्ही फ्रांकफुर्टला राहतो, घरी रोजचा स्वयंपाक मराठीच. तिखट जेवणाबरोबर जड लाल वाइन घेतली की तिच्यातलं तुरट टॅनिन आणि अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतं, जीभ पोळते. मोझेलच्या काबिनेटमध्ये 8 टक्के अल्कोहोल, थोडी साखर आणि भरपूर आंबटपणा. चिंचगुळाच्या आमटीत जो तोल आपण साधतो, तोच तिच्यात आहे. कोळंबीचं तिखलं, भरली वांगी, मिसळसुद्धा, सगळ्यांशी जमते. एक घोट घेतला की तोंड स्वच्छ होतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. कोरडी हवी असेल तर तळलेल्या सुरमईबरोबर सिल्व्हानर घेऊन बघा.

ऱ्हाइनकाठ

चिंचगूळ, शंभर टक्के सहमत. काबिनेटमध्ये लिटरला 40 ग्रॅमच्या आसपास साखर असू शकते, पण आम्ल 8 ग्रॅम असलं की ती चिकट लागत नाही. हा हलकेपणा जगात दुसरीकडे क्वचितच साधतो.

आता लाल. जर्मनी पिनो न्वारची लागवड करणारा जगातला तिसरा मोठा देश आहे, फ्रान्स आणि अमेरिकेनंतर. इथे त्याला श्पेटबुर्गुंडर म्हणतात. मध्ययुगात सिस्टर्शियन भिक्षूंनी फ्रान्सहून येऊन ऱ्हाइनगाऊत एबरबाख मठ वसवला, 1136 मध्ये. त्यांच्या परंपरेत या वेलीला फार जुनं स्थान आहे. तरी 1980 च्या आधीची बहुतेक श्पेटबुर्गुंडर फिकी आणि गोडसर असायची. मग एका पिढीने उत्पन्न कमी केलं, घड विरळ केले, लहान ओक पिंपं आणली, फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतातल्या चांगल्या वेली लावल्या. हवामानही तापत गेलं आणि त्याचा फायदा लाल जातींना झाला. त्याच तापण्याची दुसरी बाजू म्हणजे आइसवाइन. तिच्यासाठी वेलीवरचे घड उणे 7 अंशांना गोठलेले असताना तोडावे लागतात. 2019 च्या हंगामात देशभरात कुठेही ती थंडी वेळेवर पडली नाही.

श्पेटबुर्गुंडर कुठली घ्यावी? बाडेनमधला काइझरस्टूल हा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर, देशातला सर्वांत उबदार कोपरा. तिथली चेरीसारखी, मऊ, भरदार. ऱ्हाइनगाऊतल्या आसमान्सहाउझनची पाटीच्या दगडावरची, सडपातळ आणि जास्त सुगंधी. आणि आर.

आर ही ऱ्हाइनची छोटी उपनदी. साडेपाचशे हेक्टरच्या आसपासचा एवढासा प्रदेश, तोही इतक्या उत्तरेला, आणि चारांत तीन भागांहून जास्त लाल द्राक्षं. अरुंद दरी, काळा दगड, दगडी बांधांच्या पायऱ्या. 1868 मध्ये मायशॉस गावच्या शेतकऱ्यांनी इथे वाइनची सहकारी संस्था काढली, आजही चालू असलेल्या अशा संस्थांमध्ये ती सर्वांत जुनी. 14 जुलै 2021 च्या रात्री या नदीला महापूर आला. 130 हून अधिक माणसं गेली. बहुतेक वाइनघरांची तळघरं, पिंपं, यंत्रं वाहून गेली. चिखलात सापडलेल्या सीलबंद बाटल्या मग न धुता, तशाच चिखलासकट "फ्लूटवाइन" म्हणून विकून मदतनिधी उभा केला गेला. शेजारच्या प्रदेशांतले वाइनवाले ऐन कामाच्या दिवसांत स्वतःची यंत्रं घेऊन तिथे गेले आणि त्या वर्षीची तोडणी पार पडली. आरची बाटली घ्यायची संधी मिळाली तर सोडू नका.

डोर्नफेल्डर तुम्हाला सुपरमार्केटात भरपूर दिसेल. 1955 मध्ये वाइन्सबेर्गला तयार केलेली जात, रंग गडद, फळाची चव, साधी. पास्ताबरोबर चालते, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

वरणफळ

व्युर्टेमबेर्गला विसरलात, म्हणून श्टुटगार्टहून लिहितेय. इथे रेल्वे स्टेशनमधून बाहेर पडून वर बघितलं तर डोंगरावर द्राक्षमळे दिसतात. इथली ट्रोलिंगर फिकी लाल, हलकी. समीक्षक नाक मुरडतात, पण उन्हाळ्यात थोडी गार करून प्यायली की छानच लागते आणि स्थानिक लोक ती जीव लावून पितात. खरी दमदार लाल म्हणजे लेंबेर्गर, ऑस्ट्रियात हिला ब्लाउफ्रेंकिश म्हणतात. मिरीची झाक, आंबटपणा टिकलेला, मटणाच्या रश्श्याबरोबर मी श्पेटबुर्गुंडरपेक्षा हीच काढेन.

आणि बेझनवर्टशाफ्टबद्दल लिहा ना! वर्षातले काही महिने शेतकरी स्वतःच्या घरातच वाइन आणि साधं जेवण देतो, दारावर झाडू टांगलेला असतो. लांब बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसायचं. इथले लोक अबोल म्हणतात, ते बेझनमध्ये खोटं ठरतं.

ऱ्हाइनकाठ

वरणफळ, बरं केलंत. आमच्याकडे त्यालाच श्ट्राउसवर्टशाफ्ट म्हणतात. वर्षाला जास्तीत जास्त 4 महिने, 40 खुर्च्यांपर्यंत आणि स्वतःच्याच मळ्याची वाइन, असा नियम. शरद ऋतूत तिथे फेडरवाइसर मिळते, अर्धवट आंबलेला ढगाळ रस, सोबत कांद्याचा केक. तिचं झाकण मुद्दाम सैल असतं, बाटली आडवी ठेवलीत तर पिशवी भिजलीच. लेंबेर्गरबद्दल तुमचं मत मान्य, मटणाबद्दल विशेष.

पाटावरवंटा

डिसेंबरमध्ये भाऊ फ्रांकफुर्टहून मुंबईला येतोय. दोन बाटल्या आणतो म्हणालाय. कुठल्या सांगू?

ऱ्हाइनकाठ

दोन लिटरपर्यंत सीमाशुल्काशिवाय आणता येतं, दोन बाटल्या आरामात बसतात. पैकी एक मोझेलची रिसलिंग काबिनेट, ट्रोकन न लिहिलेली, 8-9 टक्क्यांची. लेबलावर "गुट्सआबफ्युलुंग" असेल असं बघायला सांगा, म्हणजे मळेवाल्याने स्वतःच्या द्राक्षांची स्वतः भरलेली. दुसरी बाडेनची श्पेटबुर्गुंडर, 15 ते 20 युरोंची, तीन-चार वर्षं जुनी मिळाली तर उत्तम. विमानतळावरच्या दुकानापेक्षा शहरातल्या वाइनच्या दुकानात निवड चांगली असते, मात्र मग बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकाव्या लागतील. घरी आल्यावर आठवडाभर तरी हलवू नका. काबिनेट फ्रिजमधून काढून लगेच ओता, उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस मस्त राहते. श्पेटबुर्गुंडर मात्र मुंबईच्या खोलीच्या तापमानाला अजिबात पिऊ नका, अल्कोहोल नाकात जातं आणि चेरीचा वास हरवतो. उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा, 15-16 अंशांवर आली की ओता.